पाणी कमी होतं म्हणून गाडी तापते, की तापते म्हणून पाणी कमी होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2008 ची डिझेल पिकअप, 2523 सीसीचं जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन, खानापूर तालुक्यातली गाडी. भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला जाते तेव्हा काटा मधेच असतो. परत येताना गाडी जवळजवळ रिकामी, तरी पायथ्याचं केरी सोडून घाट लागला की अर्ध्या वाटेत काटा तांबड्यात जातो. बेळगावच्या मार्केटातल्या गर्दीत तापत नाही. दर दोन दिवसांनी अर्धा-पाऊण लिटर पाणी घालावं लागतं, पण खाली थेंब पडलेला दिसत नाही. वॉटर पंप नवा घातला, थर्मोस्टॅट काढून टाकला, फरक नाही. आता एक मेस्त्री हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उचला म्हणतात आणि दुसरे मोठा रेडिएटर घाला म्हणतात. कोणाचं ऐकायचं?

आत्ता दोघांचंही ऐकू नका. दोघांचं म्हणणं खरं ठरू शकतं, पण अजून कोणी काही मोजलेलं नाही. तुमच्या गाडीबाबत ठरवायची पहिली गोष्ट एकच: पाणी आधी कमी होतं आणि मग ती तापते, की ती तापते आणि उकळून पाणी बाहेर जातं? हे कळलं की निम्मे खर्च आपोआप गळतात.

त्यासाठी चार दिवस एक वही ठेवा. रोज पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण काढून पातळी बघायची, आणि जितकं घालाल तितकं मापानं घालून लिहायचं. दोन दिवस गाडी घाटात नेऊ नका, खानापूर-बेळगाव अशीच चालवा. घाट न चढता, काटा मधेच असताना पाणी कमी झालं, तर पाणी जाण्याची वाट वेगळी आहे आणि तापणं हा तिचा परिणाम. सपाटीला पातळी हललीच नाही आणि घाटाच्या फेरीनंतरच लिटरभर कमी झालं, तर बहुधा आधी तापते आणि मग रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर ओतते. बाटलीच्या ओव्हरफ्लो नळीचं तोंड चासीच्या आडोशाला असतं, पाणी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडतं, म्हणून उभ्या गाडीखाली थेंब दिसत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट खराब असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो, आणि काही गॅस्केट फक्त लोडवरच गॅस सोडतात. त्यामुळे दुसरं उत्तर आलं तरी हेड लगेच निर्दोष ठरत नाही.

भरलेली असताना तापत नाही, याचा फार अर्थ काढू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. जांबोटी-कणकुंबी ओलांडली की पुढे उतारच. पाटीत टनभर माल असला तरी पाय एक्सलेटरवर नसतो, इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही. परतीला गाडी रिकामी असली तरी तिला स्वतःचं वजन कोकणातल्या उकाड्यातून वर ओढायचं असतं, तेही पंचवीस-तीसच्या वेगानं. समोरून वारा नाही आणि इंजिन मात्र पूर्ण कामावर. म्हणजे खरी परीक्षा तिथंच होते. निपाणीकडून संकेश्वरला जाताना तवंदी घाटात किंवा सावंतवाडीकडून आंबोली चढताना गाड्या वाफाळतात, त्याचंही गणित हेच.

मार्केटात तापत नाही म्हणून पंखा ठीक, असंही धरून चालू नका. आयडलवर इंजिन इतकी कमी उष्णता तयार करतं की अर्धा मेलेला पंखाही तेवढी सांभाळून नेतो.

काटा खरा की खोटा

पार्ट बदलण्याआधी हे बघायचं, कारण यात पैसे लागत नाहीत. चावी लावताच थंड इंजिनावर काटा तांबड्यात उडाला तर सेन्सरची वायर कुठे तरी बॉडीला लागते आहे. वायर काढली की काटा थंडाकडे पडला पाहिजे. तीच वायर इंजिनाला टेकवली की, या जुन्या एक-वायरी सेन्सरमध्ये, काटा गरमकडे गेला पाहिजे. टेकवायचं ते क्षणभरच. हेडलाइट लावल्यावर काटा थोडा वर सरकत असेल तर अर्थिंग खराब आहे. इंजिनापासून बॉडीला येणारी जाळीची पट्टी गंजलेली असते, ती घासून घट्ट करा.

इन्फ्रारेड थर्मामीटर, ज्याला सगळे टेंपरेचर गन म्हणतात, एक विकत घ्या किंवा कोणाची मागून आणा. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरायचा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन खोटं, खूपच कमी दाखवते. तिथं 85 ते 95 अंश दिसत असेल आणि काटा तांबड्यात असेल तर सेन्सर किंवा मीटर बदला आणि हा प्रश्न इथंच मिटवा. 105 च्या वर गेलं तर काटा खरा आहे.

उलट धोका जास्त वाईट. पाणी इतकं उतरलं की सेन्सर कोरडा पडतो, तेव्हा काटा तांबड्यातून अचानक खाली येतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. हेड वाकतं ते बहुतेक अशाच वेळी.

थर्मोस्टॅट परत बसवा

याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा जातो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कशाला पाहिजे ते?" असं म्हणतात. पण बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो: गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या टोकानं बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच पंपात परत येतो. सपाटीला हे कळत नाही, घाटात कळतं. "पाणी फार जोरात फिरतं म्हणून थंड होत नाही" हे जे कारण सांगतात ते चुकीचं आहे, खरी भानगड बायपासची. शिवाय सपाटीला इंजिन 60-65 अंशांवरच चालत राहतं. डिझेल जास्त लागतं, ऑइल लवकर काळं होतं आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) झिजतात.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात तपासा. दोऱ्यानं पाण्यात टांगायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर 82 छापलं असेल तर 80 ते 84 च्या दरम्यान तोंड सुटायला हवं आणि 95 च्या आसपास पूर्ण, म्हणजे साधारण 8 मिलिमीटर उघडायला हवं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवायची. पत्र्यात एक बारीक छिद्र आणि त्यात हलणारी पिन असते, ती वरच्या अंगाला आली पाहिजे. ती खाली गेली तर हवा अडकते आणि नव्या थर्मोस्टॅटनेही गाडी तापते.

टोपण, बाटली आणि नळी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट म्हणजे रेडिएटरचं टोपण. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं, बेळगावच्या उंचीवर साडेसत्त्याण्णवच्या आसपास. 0.9 बारचं टोपण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी 117-118 पर्यंत उकळत नाही. निम्मं कुलंट असेल तर आणखी सात-आठ अंश मिळतात. टोपणाचं रबर कडक झालं की हे सगळं हातचं जातं आणि ज्या तापमानाला इंजिन मजेत चाललं असतं त्याच तापमानाला पाणी उकळायला लागतं. तुमच्या जुन्या टोपणावर जो आकडा छापलाय त्याच आकड्याचं नवं घ्या, जास्त दाबाचं नको. जास्त दाबानं जुना रेडिएटर फुटतो, इंजिन थंड होत नाही.

टोपणाच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत ओढून घेतो. तो चिकटला, किंवा बाटलीच्या नळीला चीर पडली, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा प्रकार होतो. तुम्ही रोज फक्त बाटली बघत असाल तर हे वर्षभरही कळणार नाही. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला की व्हॉल्व्ह चिकटलाय असं समजा.

होज पाइपकडे वळलोच आहोत तर खालचा पाइप तपासा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, म्हणून त्यात तारेची स्प्रिंग घालतात. ती गंजून गेली किंवा नवा पाइप बिनस्प्रिंगचा बसवला, तर रेस वाढली की पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी तुटतं. इंजिन गरम असताना मदतनीसाला रेस 2500 पर्यंत न्यायला सांगा आणि पाइपकडे बघा, हात लावायची गरज नाही. आयडलला सगळं छान आणि चढावर तापते, या लक्षणाला हे कारण अगदी फिट बसतं आणि कोणीही ते बघत नाही.

पंखा, पट्टा आणि नवा पंप

पंप नवा घातलाय तर तो काम करतोय हे गृहीत धरू नका. स्वस्त पंपात आतला पंखा कधी लहान व्यासाचा असतो, कधी त्याची पाती बुटकी असतात, कधी तो शाफ्टवर सैल बसवलेला असतो आणि गरम झाल्यावर नुसता शाफ्ट फिरतो. जुना पंप अजून गॅरेजात पडला असेल तर नवीन खोलून शेजारी ठेवून बघता येतं. पुढच्या वेळी ही तुलना बसवण्याआधी करा. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. तिथून पांढरा किंवा हिरवा ओघळ आला असेल तर आतलं सील गेलंय. ते छिद्र एमसीलनं बुजवणारेही आहेत, मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखा सुटून रेडिएटरात घुसतो.

पंप बदलताना पंखा काढावा लागतो, आणि परत बसवताना तो उलटा बसतो. ही चूक वाटते त्यापेक्षा फार वेळा होते. उलटा बसवलेला पंखा वारा मागेच ढकलतो, पण पात्यांचा बाक उलटा पडल्यानं वारा फार कमी ओढतो. कागदाची चाचणी करा: बॉनेट बंद, इंजिन गरम, थोडी रेस. वहीचा एक कागद रेडिएटरच्या समोर ग्रिलशी धरला तर तो चिकटून राहायला हवा. पंख्याभोवतीचं कव्हर फुटलं किंवा काढून ठेवलं असेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत राहतो. कव्हर परत लावा.

पट्टा सगळ्यात लांब अंतराच्या मधोमध अंगठ्यानं जोरात दाबला की 10-12 मिलिमीटर दबावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्टा पुलीच्या काठाशी समपातळीत बसायला हवा. तो आत बुडून पुलीच्या तळाला टेकला असेल, तळ आरशासारखा चमकत असेल, तर कितीही ताणा, चढावर तो घसरणार. व्हिस्कस पंखा (गरम झाल्यावर घट्ट धरणाऱ्या कपलिंगवरचा) असेल तर इंजिन गरम असताना बंद करून, चावी खिशात घालून, हातानं फिरवा. जड लागायला हवा. मोकळा दोन-तीन फेरे फिरला तर कपलिंग संपलं.

रेडिएटर बाहेरून, मग आतून

खानापूर-जांबोटीची तांबडी धूळ, उसाच्या हंगामात पाचटाचा भुसा, पावसाळ्यानंतर गवताचं बी. हे सगळं जाळीत बसतं, आणि त्यात कुठून ऑइलचा तवंग मिळाला की लुकण तयार होतं. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, म्हणून मागून टॉर्च धरून समोरून बघा: उजेड जितक्या भागातून आरपार येतो तितकाच रेडिएटर तुमच्या कामाचा. धुवायचा तो इंजिनाच्या बाजूनं पुढे, म्हणजे घाण आली त्या वाटेनं परत. आधी साबणाचं पाणी, मग साधा पाइप. सर्व्हिसिंगच्या जेटनं जवळून मारलं तर पत्र्या आडव्या होतात आणि वारा कायमचा बंद होतो. बोट घासल्यावर पत्र्यांचा चुरा होत असेल तर रेडिएटर गळत नसला तरी संपलेला आहे. नळ्यांना पत्र्या चिकटलेल्याच नाहीत, मग उष्णता वाऱ्याला कशी जाणार?

आतली तपासणी गनने करा. इंजिन पूर्ण गरम करून रेडिएटरच्या जाळीवर ओळीनं गन फिरवायची. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. मग वरच्या आणि खालच्या पाइपच्या तोंडाशी तापमान घ्या, शक्यतो घाटात सुरक्षित जागी थांबून, रेस 1500-2000 वर ठेवून. फरक 6 ते 12 अंशांचा असेल तर ठीक. वर 105 आणि खाली 75, इतका मोठा फरक म्हणजे पाणी फार सावकाश फिरतंय: पंप, पट्टा, चपटा पाइप किंवा बुजलेल्या नळ्या. वर 105 आणि खालीही 102 असेल तर पाणी फिरतंय पण उष्णता बाहेर पडत नाही: वारा किंवा पत्र्या. हे अंगठ्याचे नियम आहेत, पण दोन मेस्त्रींच्या भांडणात निकाल देण्याइतके पुरेसे आहेत.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी झाळ सोडवून काढता येते आणि नळ्यांत पट्टी घालून रॉडिंग करता येतं. अ‍ॅल्युमिनियम जाळी आणि प्लॅस्टिक टाकीचा असेल तर रॉडिंगच्या नादी लागू नका, नवीन घ्या. "मोठा" रेडिएटर कशाला? कंपनीनं दिलेल्या मापाचा रेडिएटर स्वच्छ असेल तर तो चोर्ला भरून चढण्यासाठीही पुरतो.

नळ्या बुजतात त्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं पाणी. जड पाण्यातला क्षार ब्लॉकच्या आतही बसतो, तिथं तर रॉडही पोचत नाही. आणि रेडिएटर गळतो म्हणून हळद टाकणं बंद करा. हळद छिद्र बुजवते हे खरं, पण छिद्र कुठलं आणि नळी कुठली हे तिला कळत नाही.

हेड उचलायचं का, हे कसं ठरवायचं

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय का, एवढंच बघायचं आहे.

सगळ्यात सोपी खूण सकाळची. आदल्या दिवशी गाडी गरम होऊन बंद झाली, टोपण उघडलं नाही. पहाटे इंजिन बर्फासारखं थंड असताना वरचा पाइप दाबा. तो टणक असेल आणि टोपण सैल केल्यावर फुस्स करून हवा सुटली, तर तो दाब उष्णतेचा नाही, गॅसचा आहे. उष्णतेचा दाब रात्रीत उतरतो. तसंच थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात पाइप टणक झाला, पाणी अजून कोमटही नाही, तर तेच.

बुडबुड्यांची चाचणी अशी. थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरलेला, टोपण काढलेलं, पंपाचा पट्टा काढलेला. पट्टा का काढायचा? पंप पाणी घुसळतो आणि त्याचे बुडबुडे गॅससारखे दिसतात. इंजिन सुरू करून मिनिट-दीड मिनिटच चालवा, मधे दोन-तीनदा रेस द्या. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. सोड्याच्या बाटलीसारखे बारीक, रेसबरोबर वाढणारे, न थांबणारे बुडबुडे आले तर गॅस आहे. या वेळी गाडी हलवू नका, कारण ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरवर असतो आणि पट्ट्याविना ब्रेक दगडासारखा होतो.

कुठला सिलिंडर ते शोधायचं तर एकेका नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या) पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा. ज्याचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे कमी होतात तो सिलिंडर. डोळ्यांना चष्मा, नटावर फडकं, आणि हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या इंजिनावर. कॉमन रेलच्या (प्रचंड दाबानं डिझेल सोडणाऱ्या नव्या) गाडीवर तो नट चालत्या इंजिनात सैल करणं म्हणजे हात गमावणं.

लोडवरच गळणारं गॅस्केट या चाचणीत सुटू शकतं. त्यासाठी टोपण न उघडता एक उपाय: बाटलीतली नळी पाण्यात बुडालेली आहे याची खात्री करा, घाट चढा, काटा वर सरकायला लागला की बाजूला थांबा आणि आयडलवर बाटलीत बघा. पाणी नुसतं वाढलेलं असेल तर ते फुगलेलं पाणी. थांबल्यावरही एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर टोपण आणि नळी आधी नवी करून पुन्हा बघा. तरीही आले, तर हेड उचला.

निळ्या द्रवाची रासायनिक चाचणी पेट्रोल गाडीवर छान चालते. डिझेलच्या धुरात आयडलला कार्बन डायऑक्साइड फारच कमी असतो, म्हणून रंग बदलला नाही तरी गॅस्केट चांगलं ठरत नाही. रंग बदलला तर मात्र नक्की.

ऑइलच्या टोपणाखाली पांढरट लोणी, डिपस्टिकवर वाढलेली पातळी, सकाळी एका सिलिंडरवर अडखळत सुरू होणं आणि पांढरा धूर, ही उशिराची लक्षणं. ती दिसण्याची वाट बघायची नसते.

हेड उचललंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजनं हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत तपासायचं. 0.05 मिलिमीटरचं पातं सहज शिरत असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) लागणार हे धरून चाला. अंतिम मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलची. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीनं बघायचा, तो विसरला जातो. फेसिंगआधी हेड गरम पाण्यात दाब देऊन टेस्ट करून घ्या. व्हॉल्व्हच्या दोन सीटमधली बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, गरम झाल्यावरच उघडते. फेसिंगनंतर व्हॉल्व्ह किती आत बसलेत आणि नोझलचं टोक किती बाहेर येतंय तेही मोजायचं. गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळत असेल तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून जाडी निवडतात. बोल्टची भोकं फुंकून कोरडी करा, तळाशी ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकतो. आवळायचं ते मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच.

इंजिनच जास्त तापतंय का

पाणी, वारा, हेड, सगळं ठीक आणि तरी तापते, तर उष्णता जास्त तयार होतेय. डिझेल पंपाचं टायमिंग मागे गेलं असेल तर डिझेल उशिरा जळतं, सायलेन्सर तापतो, गाडी ओढत नाही. ताकद वाढवायला कोणी डिझेल पंपाचा सीलबंद स्क्रू फिरवला असेल तर चढावर काळा धूर सोडते आणि तापते. घासणारे ब्रेकही तेच करतात: सपाटीला पाच किलोमीटर ब्रेक न दाबता चालवून चारही चाकांच्या ब्रेकवर गन धरा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तीस-चाळीस अंश गरम असेल तर इंजिन त्या चाकालाही ओढतंय.

आणि चालवण्याची सवय. रिकामी गाडी आहे म्हणून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रडत-कुंथत चढवली की पाय तळाला आणि इंजिन 1300 वर. डिझेल पूर्ण जळतं, पण पंप आणि पंखा निम्म्या वेगानं. दुसऱ्या गिअरमध्ये 2000-2200 वर चढवा. फक्त एवढ्यानं काटा खाली राहिला तर रेडिएटर थोडा बुजलेला आहे आणि अजून वेळ गेलेली नाही.

घाटात काटा तांबड्यात गेलाच, तर बाजूला घ्या. पाणी बाहेर उडत नसेल आणि पट्टा शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं थोड्या रेसवर चालू द्या. वाफ उसळत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर तात्काळ बंद. टोपणाला किमान पाऊण तास हात लावायचा नाही. ओढ्याचं थंड पाणी हेडवर ओतायचं नाही. पाणी घालायचं ते पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावर, इंजिन सुरू ठेवून, बारीक धारेनं.

तुमच्या गाडीचा क्रम मी असा लावीन: वही आणि सकाळचा पाइप, नवं टोपण आणि बाटलीची नळी, थर्मोस्टॅट परत, पंखा सुलटा आहे का, खालचा पाइप, रेडिएटर धुणं, मग गन. सकाळचा पाइप टणक लागला तर मधलं सगळं सोडून थेट बुडबुड्यांच्या चाचणीवर या. लक्षणांवरून माझा संशय अर्धवट बुजलेल्या रेडिएटरवर जास्त आहे, आणि काढलेल्या थर्मोस्टॅटनं त्यात भर घातली आहे.

शेवटी भरायचं ते कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. धुऊन काढल्यावर ब्लॉकच्या पोटात दोन-तीन लिटर साधं पाणी उरतं, म्हणून ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन नटही उघडा. तो गंजून बसला असेल तर एकूण मापाच्या निम्मं कुलंट आधी ओतायचं आणि वरची जागा पाण्यानं भरायची. आयतं मिसळलेलं कुलंट घेतलंत तर त्यात पाणी घालायचं नाही. दोन रंग एकत्र करू नका, काही वेळा आत गाळ धरतो. गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटरचा नळ उघडून, वरचा पाइप दाबत दाबत भरा, आणि थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली बसेपर्यंत टोपण लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. पाव-अर्धा लिटर कमी दिसेल, ती अडकलेली हवा आहे. तिसऱ्या दिवशीही कमी झालं तर वही परत काढा.